मधुमेह आणि खनिजांची पुडी

(ढाणकी येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



पस्तीस वर्षे मी शाळेत मुलांच्या चुका तपासल्या. लाल शाईने खुणा केल्या. आज मी माझीच एक चूक तुमच्यापुढे मांडणार आहे. तिच्यावर लाल खूण तुम्हीच करा.

माझ्या डाव्या पायाला चार बोटे आहेत. पाचवे, म्हणजे करंगळीचे, दोन वर्षांपूर्वी गेले. ते कापावे लागले. सापाने चावले नाही, गाडीखाली आले नाही. माझ्या हाताने मी ते घालवले. कसे घालवले ते ऐका. तुमच्यापैकी एकाचे जरी बोट वाचले, तरी माझे बोट कामी आले असे मी समजेन.

मला मधुमेह आहे. आपल्याकडे "त्याला शुगर आहे" असे म्हणतात. सरकारी दवाखान्यातून मला रोजच्या गोळ्या मिळत होत्या. गोळ्या घेत होतो, शेतात चालत होतो, बरे चालले होते. पण रोज गोळी खायचा कंटाळा कोणाला येत नाही? मलाही आला.

दोन वर्षांपूर्वी पोळा झाला. त्यानंतरच्या आठवडी बाजारात एक जीप उभी होती. वर भोंगा लावला होता. आत एक माणूस बसून सांगत होता, "साखर ही खनिजांच्या कमतरतेने होते. आमच्या पुडीत सात खनिजे आहेत. क्रोमियम आहे, झिंक आहे, मॅग्नेशियम आहे. तीन महिने पुडी घ्या आणि गोळ्या फेकून द्या."

मी थांबलो. क्रोमियम, झिंक, मॅग्नेशियम! शास्त्राचे शब्द होते. मी शिकलेला माणूस. अंगारा-धुपारा असता तर मी हसून पुढे गेलो असतो. पण शास्त्राचा शब्द ऐकला आणि मी फसलो. शिकलेला माणूस असाच फसतो, बरे का.

साडेसहाशे रुपयांचा एक डबा. असे तीन डबे घेतले. पुडी सुरू केली आणि गोळ्या बंद केल्या.

मुंग्या काय सांगत होत्या

पहिला महिना बरा गेला. निदान मला तसे वाटले. दुसऱ्या महिन्यात तहान वाढली. रात्रीतून चार-चार वेळा उठावे लागे. पाय जड वाटू लागले. मी मनाशी म्हणालो, "पुडी आतला रोग बाहेर काढते आहे." भोंगेवाल्याने तसेच सांगितले होते.

दिवाळीच्या आधी एके सकाळी घरची मंडळी म्हणाली, "अहो, मोरीत मुंग्या कशा लागल्या बघा. साखर तर कोणी सांडली नाही."

साखर कोणी सांडली नव्हती. ती माझ्या लघवीतून गेली होती. आपल्या जुन्या वैद्यांनी हा रोग मुंग्यांवरूनच ओळखला होता. ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात त्याला मधुमेह, असे ते म्हणत. मधुमेह या शब्दाचा अर्थच मधासारखी लघवी. मुंग्यांना ते कळले. मला कळले नाही.

मग कापूस वेचणीचे दिवस आले. शेतात पऱ्हाटीचे खुंट असतात हे तुम्ही जाणता. एक खुंट माझ्या पायात घुसला. मला समजलेच नाही. संध्याकाळी चप्पल काढली तेव्हा रक्त दिसले. दुखत नव्हते. दुखत नाही म्हणून मी हळद लावली आणि विसरलो. आठ दिवसांत करंगळी काळी पडली.

यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. उपाशीपोटी साखर निघाली ३१२. उपाशीपोटी ती १०० च्या आत हवी. १२६ किंवा त्यावर असली की मधुमेह म्हणतात. आणि माझी ३१२! बोट काढावे लागले. पाऊल वाचले, हे माझे नशीब.

डॉक्टरीण बाईंचा प्रश्न

तिथे एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. शेतकऱ्याची लेक होती. त्यांनी माझा पुडीचा डबा पाहिला. रागावल्या नाहीत. खाटेजवळ बसून विचारले, "गुरुजी, तुमची शेती आहे का?"

मी म्हटले, "आहे. पाच एकर. कपाशी आणि तूर."

"कपाशीवर लाल्या आला तर काय करता?"

"मॅग्नेशियम सल्फेट फवारतो."

"मग दर वेळी पाने हिरवी होतात का?"

मी विचार केला. "नाही. जमिनीत मॅग्नेशियम कमी असेल तर फरक पडतो. तुडतुड्यांनी पाने लाल झाली असली, नाहीतर पाणी साचून मुळ्या गुदमरल्या असल्या, तर मॅग्नेशियम काय करणार? आधी कारण पाहावे लागते."

बाई म्हणाल्या, "बरोबर. कपाशीसाठी तुम्ही आधी कारण पाहता. मग स्वतःच्या शरीराला न तपासताच सात खते कशी घातली?"

मंडळी, मला उत्तर देता आले नाही. तोच प्रश्न मी आज तुम्हाला देतो आहे. मातीची परीक्षा केल्याशिवाय खत टाकू नये, हे आपल्याला मृदा पत्रिकेने शिकवले. शरीराचेही तसेच आहे. कमी काय आहे ते आधी पाहावे. कमी असेल तर भरावे. कमी नसेल तर भरू नये. आणि भरले तरी चालू औषध सोडू नये. माझ्या सगळ्या भाषणाचे सार एवढेच आहे.

शरीरात पाणी कोण देतो?

आता हा रोग काय आहे ते पाहू. तुम्ही इसापूर धरणाचा कालवा पाहिला आहे. कालव्यात पाणी आले म्हणजे पिकाला मिळाले असे होत नाही. कोणीतरी फावडे घेऊन उभे राहावे लागते. एका वाफ्याचे दार उघडायचे, दुसऱ्याचे लावायचे. यालाच आपण दारे धरणे म्हणतो. दारे धरणारा गडी आला नाही तर काय होते? पाट भरून वाहतो आणि पीक वाळते.

आपण भाकरी खातो, भात खातो. त्याची पोटात साखर होते. ती रक्तात येते. रक्त म्हणजे पाट. शरीराचा एकेक कण म्हणजे वाफा. या वाफ्यांची दारे उघडणारा गडी म्हणजे इन्सुलिन. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. तो इन्सुलिन तयार करतो. इन्सुलिन कमी पडले, किंवा दारेच गंजली आणि त्याला उघडेनाशी झाली, तर साखर रक्तात तुंबते. पाट भरलेला, पीक वाळलेले. म्हणून रोग्याच्या रक्तात साखर जास्त, पण अंगात ताकद नाही.

इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडा देशात टोरांटो या शहरात लागला. बँटिंग आणि बेस्ट या दोघांचे नाव त्यात मोठे आहे. पुढच्याच वर्षी, १९२२ च्या जानेवारीत, ते पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मुलाला टोचले. मरणाला टेकलेला मुलगा सावरला. त्याच्या आधी अशा मुलांना वाचवण्याचा उपाय नव्हता. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. तोच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात.

कोणी म्हणेल, "गुरुजी, मी तर काटक माणूस. हा जाड्या लोकांचा रोग." तसे नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर फार काम केले आहे. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१ टक्के! बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या आत चरबी लपलेली असते. म्हणून काटक दिसणाऱ्यालाही मधुमेह होतो. २०२३ साली छापलेल्या देशभरच्या पाहणीत भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. त्यात खेड्यातले लोकही पुष्कळ आहेत.

खनिजे म्हणजे फावडे

आता खनिजांकडे येऊ. खनिजे म्हणजे जमिनीतले क्षार आणि धातू. लोह, जस्त, मॅग्नेशियम, क्रोमियम ही काही नावे. जस्त म्हणजेच झिंक. ती मातीतून पिकात येतात आणि पिकातून आपल्या पोटात. काही जास्त लागतात, काही अगदी कणभर.

भोंगेवाला अगदीच खोटे बोलत नव्हता. खनिजांचा आणि साखरेचा संबंध आहे. स्वादुपिंडात इन्सुलिन साठते ते जस्ताच्या आधाराने. इन्सुलिनला दारे उघडताना मॅग्नेशियमची मदत होते. दारे धरणारा गडी आहे, तसे हे त्याचे फावडे आहे.

पण विचार करा. गड्याचे फावडे मोडले असेल तर नवे द्यावे. काम सुरू होईल. त्याच्या हातात चांगले फावडे असताना आणखी दहा फावडी दिली तर दहापट पाणी देईल का? उलट ओझ्यानेच वाकेल. आणि गडीच आजारी असेल तर नुसते फावडे काय करील?

भोंगेवाला फावडी विकत होता. गड्याची चौकशी त्याने केलीच नाही.

एकेका खनिजाची हकीकत

क्रोमियमची गोष्ट आधी सांगतो, कारण त्याचाच गाजावाजा जास्त होतो. १९५९ साली अमेरिकेत श्वार्त्झ आणि मर्ट्झ या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. क्रोमियम दिल्यावर उंदरांच्या शरीरात साखर चांगली वापरली गेली, असे त्यांनी सांगितले. पुढे १९७७ साली टोरांटो येथील एका बाईची हकीकत छापून आली. तिचे आतडे निकामी होते. कित्येक वर्षे तिचे सगळे अन्न शिरेतून नळीने जात होते. तिची साखर बिघडली, वजन उतरले. शिरेतून जाणाऱ्या अन्नात क्रोमियम घातले आणि ती सुधारली. इन्सुलिनही बंद करता आले.

ही गोष्ट खरी आहे. पण ती कोणाची आहे ते पाहा. ज्या बाईच्या तोंडात घास जात नव्हता, तिची. तिच्या अन्नात क्रोमियम कमी होते, म्हणून ते भरल्यावर गुण आला. आपण भाकरी, वरण, भाजी खातो. कणभर क्रोमियम त्यातून मिळतेच. १९९७ साली चीनमध्ये १८० रोग्यांना क्रोमियम देऊन पाहिले तेव्हा साखर उतरलेली दिसली. पण पुढे हॉलंडमध्ये तसेच करून पाहिले तेव्हा फरक दिसला नाही. आज मधुमेहाचे मोठे जाणकार क्रोमियम घ्या असा सल्ला सर्वांना देत नाहीत.

मॅग्नेशियमची गोष्ट वेगळी आहे. साखर वाढलेल्या माणसाला लघवी जास्त होते. त्या लघवीतून मॅग्नेशियमही वाहून जाते. ब्लडप्रेशरसाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांचेही जाऊ शकते. मेक्सिको देशात २००३ साली ६३ रोग्यांवर एक प्रयोग झाला. या सर्वांच्या रक्तात मॅग्नेशियम कमी असल्याचे आधी तपासून पाहिले होते. त्यांतील काहींना १६ आठवडे मॅग्नेशियम दिले, काहींना नुसते तसे दिसणारे पाणी दिले. मॅग्नेशियम मिळालेल्यांची साखर सुधारली. हा झाला खरा लाल्या! कमी होते, ते भरले, पाने हिरवी झाली. ज्यांना कमी नाही त्यांनाही असाच गुण येतो, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

सेलेनियमची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. अमेरिकेत कातडीचा कॅन्सर टाळण्यासाठी काही लोकांना वर्षानुवर्षे रोज सेलेनियम दिले. २००७ साली हिशोब पाहिला. सेलेनियम घेणाऱ्यांत मधुमेह झालेले लोक जास्त निघाले! आणि हेच सेलेनियम काही डब्यांवर "साखरेवर गुणकारी" म्हणून विकतात.

जस्ताचे पाहा. आपल्या गावात लहान मुलाला जुलाब झाले की आशाताई झिंकच्या गोळ्या देतात. १४ दिवस द्यायला सांगतात. त्या जरूर द्याव्यात, त्याने मुले वाचतात. पण मोठ्या माणसाने महिनोन्‌महिने जास्त जस्त खाल्ले तर शरीरातले तांबे कमी होते आणि रक्त कमी पडते.

लोहाचेही तसेच. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या हव्यातच. माझ्या बहिणींनो, माझे भाषण ऐकून त्या बंद करू नका. पण शरीराला जादा लोह बाहेर टाकण्याची सोय फारशी नाही. ते साठत जाते. फार साठले तर यकृत आणि स्वादुपिंड बिघडते, आणि त्यातूनच मधुमेह होतो.

म्हणजे तीच वस्तू एकाला औषध आणि दुसऱ्याला विष. फरक कशाने पडतो? कमी आहे की नाही, एवढ्याने.

खरी कमतरता कुठे निघाली

आता माझे रक्त तपासल्यावर काय निघाले ते ऐका. सात खनिजांपैकी एकही कमी नव्हते. कमी निघाले ते बी-बारा नावाचे जीवनसत्त्व. ते पुडीत नव्हतेच!

बी-बारा हे दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. मी शाकाहारी. दूधही थोडेच. शिवाय मेटफॉर्मिन नावाची मधुमेहाची चांगली गोळी पुष्कळ वर्षे घेतली तर बी-बारा कमी होऊ शकते. बी-बारा कमी झाले की हातापायाला मुंग्या येतात, पाय बधिर होतात. साखर वाढल्यानेही पाय बधिर होतात. माझ्या पायाला दोन्हीकडून मार बसला होता. म्हणून खुंट घुसला तो समजला नाही.

डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि मुले यांची पाहणी केली. तिथे सुमारे दोनतृतीयांश गरोदर बायांच्या रक्तात बी-बारा कमी आढळले. २००८ साली त्यांनी आणखी एक गोष्ट छापली. ज्या आयांच्या रक्तात फॉलिक ॲसिड जास्त आणि बी-बारा कमी, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दारे नीट उघडेनाशी झालेली दिसली. एक जीवनसत्त्व भरपूर आणि दुसरे कमी, असा असमतोलही बरा नाही. म्हणून गरोदर बाईला दिलेल्या गोळ्या सोडू नयेत, पण बी-बाराकडेही लक्ष द्यावे, एवढे यातून शिकावे.

आता मी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे बी-बारा घेतो. मेटफॉर्मिन चालूच आहे. ती सोडली नाही. हे नीट ऐका. गोळीने बी-बारा कमी होते म्हणून गोळी सोडायची नसते. बी-बारा भरायचे असते.

पुडीत काय लपलेले असते

पुडीचा दुसराही धोका आहे. वर सात नावे लिहिलेली असतात. आत तेच आहे हे कशावरून?

२००४ साली अमेरिकेत बोस्टन शहराच्या आसपासच्या दुकानांतून आपल्या बाजूच्या देशांत बनलेली ७० आयुर्वेदिक औषधे विकत घेऊन तपासली. १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल सापडले. म्हणजे पाचात एक. मी आयुर्वेदाची निंदा करत नाही. भस्म कसे करावे, किती द्यावे, याचे शास्त्र शिकलेले वैद्य आहेत. पण जीपवाला वैद्य नसतो. आज ढाणकीत, उद्या दुसऱ्या बाजारात. पुडीने अपाय झाला तर त्याला कुठे शोधायचे?

काही पुड्यांत तर मधुमेहाच्या इंग्रजी गोळ्यांची पूड गुपचूप मिसळलेली आढळली आहे. रोगी म्हणतो, "झाडपाल्याने गुण आला." गुण त्या लपवलेल्या गोळीचा असतो. किती गोळी पोटात जाते ते कोणालाच ठाऊक नसते. साखर एकदम उतरली तर माणूस घाम येऊन कोसळतो. वेळेवर साखर मिळाली नाही तर प्राणही जातो.

आणि एक सांगतो. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. हा कायदा १९५४ सालचा आहे. त्याच्या यादीत मधुमेहाचे नाव आहे. भोंग्यावरून ओरडणारा माणूस कायदा मोडत होता. मी मुख्याध्यापक असून मला ते ठाऊक नव्हते.

ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे त्यांनी तर फारच जपावे. मूत्रपिंड म्हणजे किडनी. जादा क्षार लघवीतून बाहेर टाकणे हे तिचे काम. मधुमेहाने किडनी थकते. मग मॅग्नेशियम आणि पोटॅशियम रक्तात साठतात. पोटॅशियम फार वाढले तर हृदय बंद पडू शकते. "कमी सोडियमचे मीठ" म्हणून दुकानात जे मिळते, त्यात पुष्कळदा पोटॅशियम असते. किडनीचा त्रास असलेल्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

घरातली खनिजे

तुम्ही म्हणाल, "मग खनिजे कुठून घ्यायची, गुरुजी?"

तुमच्या कणगीतून घ्या. १०० ग्रॅम ज्वारीत सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते. पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळात त्याचा चौथा हिस्सा, किंवा त्याहूनही कमी. कोंड्याबरोबर खनिजे निघून जातात आणि ती ढेपेत जातात. म्हणजे म्हैस खनिजे खाते आणि आपण पांढरा भात खातो. तीळ, शेंगदाणे, तूर, मूग, हरभरा, मटकी, पालक, चवळीची भाजी यांतही मॅग्नेशियम चांगले असते. डाळी, कडधान्ये आणि तिळात जस्तही मिळते. मटकी-मूग भिजवून मोड आणले तर त्यातले लोह आणि जस्त अंगी जास्त लागते. आपल्या आया हे शतकानुशतके करत आल्या.

पण येथेही एक चूक होते. "ज्वारी चांगली" म्हणून कोणी चार भाकरी खातो. भाकरीचीही साखरच होते. भाकरी मोजून खावी. ताटात भाजी आणि वरण वाढवावे. जेवणानंतर थोडे चालावे. चालताना पायांचे स्नायू साखर वापरतात. पण मधुमेह्याने अनवाणी चालू नये. रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर नातवाला दाखवावेत.

आता काय करायचे?

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. बोटाच्या टोकातून एक थेंब रक्त, एवढेच. आशाताईंना विचारा. मधुमेह निघालाच तर घाबरू नका. गोळ्याही तिथे मिळतात. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी वेगळी तपासणी असते, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारा. पायाला मुंग्या येत असतील तर तसे सांगा. काही कमी आहे असे डॉक्टरांना वाटले तर ते तपासतील. कमी निघाले तर ते किती दिवस आणि किती घ्यायचे, तेही सांगतील.

आधीच कोणी पुडी घेत असेल तर लाजू नका. डबा घेऊन दवाखान्यात जा आणि दाखवा. मी लाजलो, लपवले, म्हणून उशीर झाला.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. तुम्ही या वर्गात अक्षरे शिकलात. कोणी सही शिकले, कोणी गाडीची पाटी वाचू लागले. आता डबेही वाचा. खनिजांच्या चांगल्या कंपनीच्या डब्यावरसुद्धा बारीक अक्षरांत, बहुधा इंग्रजीत, छापलेले असते की ही वस्तू औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. तसे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. जे कंपनी स्वतः डब्यावर लिहिते, ते भोंगा सांगत नाही.

माझ्या त्या डब्यावर काय होते? मी घरी येऊन चष्मा लावून पाहिले. सात नावे मोठ्या अक्षरांत. बनवणाऱ्याचा पत्ता नाही. परवान्याचा क्रमांक नाही. कोणते खनिज किती, तेही नाही. पस्तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो, "नीट वाचा, मग उत्तर लिहा." आणि मी स्वतः न वाचता साडेएकोणीसशे रुपये मोजले आणि एक बोट दिले.

परवा शेजारचा एक गडी आला. म्हणाला, "गुरुजी, बाजारात पुन्हा तशीच जीप आली जी. शुगरची पुडी हाये. घेऊ का?"

मी काही बोललो नाही. डावी चप्पल काढली आणि पाय पुढे केला. तो माझ्या चार बोटांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दवाखान्यात कवा जायचं, गुरुजी?"

मी म्हटले, "उद्या सकाळी. उपाशीपोटी ये. मीही तपासायला जाणारच आहे."

आम्ही दोघे गेलो. तुम्हीही या.

लक्षात ठेवा

१. कमी काय आहे ते आधी तपासा. कमी असेल तेवढेच भरा.
२. खनिजांची गोळी किंवा पुडी घेतली तरी मधुमेहाचे औषध आपल्या मनाने बंद करू नका.
३. किडनीचा त्रास असेल तर कोणतेही क्षार डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.
४. ज्वारी, डाळी, मोड आलेली कडधान्ये, तीळ आणि पालेभाज्या रोजच्या जेवणात ठेवा. भाकरी मोजून खा.
५. रोज रात्री पाय पाहा. जखम दुखत नसली तरी दाखवा.
६. डबा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.